सिस्टरांचा चारचाकी पेशंट

निहार, सुट्टीतला तुझा फोटो मिळाला. जाड चाकांच्या त्या बुटक्या गाडीवर तू हेल्मेट घालून बसला आहेस आणि तुझ्यामागे रेवा डोळे घट्ट मिटून बसली आहे. खाली तू लिहिलं आहेस, ‘आजी, अशी गाडी तू कधी पाहिली नसशील.’

पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, तिचं इंग्रजी पुस्तक पानापानाने मोठ्यांदा वाचलं आहे, आणि एकदा तिच्यावर मागे बसून चिखलातून शेतातही गेले आहे. ती गाडी जिंतूरला आमच्या घराशेजारी, सिस्टरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. त्यामुळे गाडीबद्दल सांगायचं तर सिस्टरांबद्दल सांगावं लागेल. तुम्ही दोघं त्यांना भेटला नाहीत, हे तसंही माझ्या मनात राहून गेलं आहे.

त्यांचं नाव सुलोचना वाघमारे. पण पोस्टमनपासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. जुनी माणसं ‘शिस्टर’ म्हणत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तालुक्यातल्या खेड्यांमधून नर्स म्हणून काढली होती. एसटी मुख्य रस्त्यावर सोडायची, पुढे चालायचं. लसी द्यायच्या, बाळंतपणं करायची आणि पुन्हा चालत रस्त्याला यायचं. त्या चालण्यात गुडघे गेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं, गावाच्या अगदी कडेला, येलदरीच्या रस्त्याच्या बाजूला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “जमलंच न्हाई बगा. ज्या दिवशी पाव्हणे बघायला यायचे, त्याच दिवशी कुणीतरी बाळंत व्हायचं.”

बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, केसांचा घट्ट अंबाडा. साडी कडक इस्त्रीची. घड्याळ मनगटावर न बांधता छातीशी पिनेने उलटं लटकवलेलं, म्हणजे मान खाली केली की वेळ दिसते. नोकरी संपली तरी ते घड्याळ तिथून हललं नाही. सकाळी वंदना झाली, बुद्धाच्या तसबिरीपुढे फूल ठेवलं, की ओट्यावर खुर्ची टाकून त्या बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या. पन्नाशीचा माणूससुद्धा त्यांच्या लेखी बाळ. “ए बाळ, पाय कामून ओढायलास? इकडं ये.” विनय हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. “जिंतूर तालुक्यात असा एक दंड दाखवा,” त्या म्हणायच्या, “ज्यात माझी सुई गेली न्हाई.” चूक झाली तर माफी मागायच्या नाहीत. “असू दे,” म्हणायच्या. ते ‘असू दे’ त्या समोरच्याला म्हणत आहेत की स्वतःला, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

शेजारी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा औषधांचा डबा उघडला. मी इंग्रजी शिकवणारी. माझ्या बाटल्या ए, बी, सी अशा ओळीने लावलेल्या. त्यांनी सगळा डबा पलंगावर उलटा केला. म्हणाल्या, “मॅडम, दम लागल्यावर माणूस काय डिक्शनरी उघडतंय का? जे घाईत लागतं ते पुढं, बाकीचं मागं.” तुमच्या आजोबांचा दम्याचा पंप तेव्हापासून पुढे आला आणि पुढेच राहिला. मी दोन दिवस मनातल्या मनात रागावले होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला गेले. चहा बिनसाखरेचा आणि सोबत गुळाचा हा मोठा खडा, कारण ‘साखर बंद केलीय, गूळ न्हाई.’

त्यांचं शेत होतं. गावाबाहेर, आमच्या घरांमागून एक पाणंद निघते, पुढे ओढा लागतो, आणि ओढ्यापलीकडे त्यांचं वावर. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबलेले. शेवटी स्वतःचं शेत घेतलं ते त्यांनी मुलाच्या नाही, या नर्स झालेल्या मुलीच्या नावावर केलं. भाऊ तेव्हा काही बोलला नाही, आणि भावाचा मुलगा संजय तर आत्याच्या जिवावर शिकलेला. संजय मनाने सरळ होता. गावात त्याचं कृषी केंद्र होतं, बियाणं आणि औषधं विकायचा, आत्याचं सोयाबीन आणि तूर तोच पेरून द्यायचा. पण पावसाळ्यात रोज शेतावर जाणं त्याला जमत नव्हतं, आणि सिस्टरांना तर मुळीच नव्हतं. तुम्ही परभणीची काळी माती ओली झालेली पाहिली नाही. दहा पावलं टाकली की चपलेखाली वीट तयार होते. मोटारसायकलचं चाक मडगार्डमध्ये चिखल भरून जागच्या जागी थांबतं. गुडघे गेलेल्या बाईने त्यातून चालणं शक्यच नव्हतं. कोरड्या दिवसांत रिक्षा नेऊन सोडायची. पावसाळ्यात शेत चार महिने परक्यासारखं पलीकडे पडून राहायचं.

एका उन्हाळ्यात संजय ओट्यावर येऊन बसला. मी तिथेच होते.

“आत्या, झरीचा एकजण शेत बटईनं मागायलाय. चांगला माणूस हाय. अर्धं त्याचं, अर्धं तुझं. तुला काय बघायची गरज न्हाई.”

“बघायची गरज न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “हेच तर नको मला.”

“पण तुझ्यानं जाणं व्हतंय का?”

सिस्टरांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “एकदा दुसऱ्याच्या हाती गेलं की शेत कागदावर आपलं ऱ्हातं, पायाखाली ऱ्हात न्हाई. माझ्या बापानं दुसऱ्याचं वावर किती बघितलं, तुला ठाऊक न्हाई. ऐक. या पावसाळ्यात, निंदणीच्या टायमाला, मी माझी मी शेतात पोचले, तर बटईचं नाव काढायचं न्हाई. न्हाई पोचले, तर तू म्हणशील तसं.”

“कशी पोचणार?”

“ते मी बघते.”

संजय हसला नाही. उठताना माझ्याकडे पाहून मान हलवली फक्त. त्याला वाटलं, आत्याला मनाची तयारी करायला वेळ हवा आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

आणि मग एक दिवस टेम्पोतून ती गाडी उतरली.

येलदरीच्या धरणाच्या पाण्याजवळ कुणीतरी पर्यटनाचं केंद्र काढलं होतं. झोपड्या, झोके, हुरडा आणि मुलांना फिरवायला ही चार चाकांची फटफटी. ते चाललं नाही. गाडी कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षं उभी राहिली. मालकाच्या आईची शेवटची शुश्रूषा सिस्टरांनी केली होती. त्यांनी मागितली तशी त्याने लगेच देऊन टाकली. वर म्हणाला, तेवढीच जागा मोकळी होईल. सोबत गाडीचं इंग्रजी पुस्तक दिलं, ते मात्र अगदी नवंकोरं होतं.

गल्ली जमली. चारही चाकं बसलेली, सीट उंदरांनी खाल्लेली, रंग मूळचा लाल असावा. कुणीतरी म्हणालं, “खेकडा हाय की.” ते नाव कायमचं चिकटलं. सिस्टरांनी मात्र पहिल्या दिवसापासून तिला ‘पेशंट’ म्हटलं. त्यांनी पदर खोचला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि इंजिनावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

“दुखतंय कुठं ते आधी विचारायचं,” मला म्हणाल्या. “औषध मग.”

जिंतूरच्या स्टँडमागे करीम मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो उंच, सडसडीत, तोंडात कायम सुपारी. सिस्टरांनी त्याच्या तिन्ही मुलांना जगात आणलं होतं, त्यामुळे तो बोलावलं की यायचा. पण येऊन गप्प बसायचा नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

“शिस्टर, हे इंजन मोटारसायकलचंच समजा, त्यात घाबरायसारखं कायबी न्हाई. पन लय दिवस झोपलंय. माझ्या गॅरेजला टाका, आठ दिवसांत देतो.”

“तुझ्या गॅरेजला टाकलं तर दिवाळीला देशील. मी घरीच करते. तू फक्त सांग.”

“घरी? इंजनाची बाळंतपणं घरी करत्यात का आता?”

“मी केलेली सगळी घरीच झाली, करीम. तुझ्या पोरांना विचार.”

असा तो दवाखाना सुरू झाला. शेडमध्ये टेबल, टेबलावर धुतलेलं पांढरं कापड, कापडावर पाने आणि स्क्रू ड्रायव्हर ऑपरेशनच्या हत्यारांसारखे एका रांगेत. काढलेला प्रत्येक नट किडनीच्या आकाराच्या स्टीलच्या ट्रेमध्ये. माझं काम एकच: खुर्चीवर बसून पुस्तक वाचणं आणि मराठीत सांगणं. मला ते मनापासून आवडायचं. सकाळचं ऊन शेडच्या दारातून टेबलापर्यंत यायचं आणि आमचं काम संपेपर्यंत मागे सरायचं.

हवेची पेटी उघडली तर आत उंदराचं घरटं. कापसाचं, अगदी मऊ. सिस्टरांनी ते चिमट्याने बाहेर काढलं. “नाकच बंद हुतं हिचं,” त्या म्हणाल्या. “दम कसा घेणार?” टाकीतलं जुनं पेट्रोल गुळाच्या पाकासारखं झालं होतं. कार्बोरेटर, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला मिळतात तो भाग, त्यांनी सुटा केला आणि तासभर न्याहाळला. त्यात एक पितळी जेट असतं. मधलं भोक केसाएवढं. ते वाळलेल्या पेट्रोलने बुजलं होतं. सिस्टरांनी इंजेक्शनची बारीक सुई घेतली.

करीम दारातच उभा होता. “शिस्टर, सुई नका घालू. भोक मोठं झालं तर पेट्रोल लय पिईल अन् काळा धूर काढंल.”

“मी दोन दिवसांच्या बाळाच्या शिरेत सुई घातलीय.”

“बाळ रडून सांगतंय. जेट न्हाई सांगत.”

सुई गेलीच. आठवड्याभराने गाडी पहिल्यांदा सुरू झाली, इंजिन सुरू करायची दोरी ओढूओढू संजयचे हात भरून आले होते, आणि शेडमधून असा काळा धूर निघाला की माझं वाळत घातलेलं धुणं मला पुन्हा भिजवावं लागलं. करीमने खिशातून नवं जेट काढून टेबलावर ठेवलं. आणून ठेवलंच होतं त्याने. सिस्टरांनी ते बसवलं. “असू दे,” म्हणाल्या.

पण नर्सपणाने त्यांना फसवलं तसं तारलंही. पुस्तकात लिहिलं होतं की या गाडीच्या चाकांत हवा अगदी कमी ठेवायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि चिखलात रुतत नाही. पंक्चरवाल्याच्या मीटरचा काटा एवढ्या कमी हवेला जागचा हलेचना. सिस्टरांनी विचारलं, “मॅडम, पुस्तकातला आकडा आपल्या बीपीच्या हिशेबात किती?” मी कागदावर गणित मांडलं, दोनशेच्या थोडं वर आलं. त्यांच्या घड्याळासारख्या तबकडीच्या बीपी यंत्रावर ते आरामात मावत होतं. नळी चाकाच्या तोंडाशी जोडायला करीमने एक तोटी बनवून दिली. मग सिस्टर एकेका चाकापुढे पाटावर बसल्या आणि काटा बघत हवा सोडू लागल्या. “दोनशे दहा,” त्या समाधानाने म्हणाल्या. “माणूस असता तर आडमिट केला असता.” करीमने कानाला हात लावला आणि खरंच हसला. त्यानंतर त्याच्या गॅरेजमधल्या गप्पांत तो हा किस्सा स्वतः सांगायचा, सुईचा मात्र सांगायचा नाही. मला हे त्याचं फार चांगलं वाटलं.

इंजिनाची चाल लावणं हे सगळ्यात नाजूक काम. पुस्तक म्हणत होतं, हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करा, मग दीड आटा उघडा आणि तिथून पुढे कानाने ठरवा. सिस्टरांनी कानात स्टेथोस्कोप घातला, दुसरं टोक इंजिनाला लावलं, मान खाली करून छातीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि स्क्रू फिरवायला घेतला. सलाइनचा थेंब लावताना फिरवतात तसा, दिसेल न दिसेल इतका. इंजिन आधी धापा टाकत होतं. मग अडखळत चालू लागलं. मग एका ठिकाणी ते एकदम शांत झालं. चालू होतं, पण शांत. सिस्टरांनी हात काढून घेतला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. मी पुस्तक मिटलं. “घाई करणाराला शीर सापडत न्हाई,” त्या म्हणाल्या, हे त्यांचं नेहमीचंच वाक्य; पण त्या दिवशी ते म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

एकच गोष्ट करीमला पटली नाही. टाकीतून कार्बोरेटरला पेट्रोल नेणारी रबरी नळी कुजली होती. तिच्या जागी सिस्टरांनी सलाइनची पारदर्शक नळी लावली. वेग कमीजास्त करायच्या चाकासकट.

“ही पेट्रोलला टिकनार न्हाई, शिस्टर. मी चांगली नळी आनतो.”

“हिच्यात दिसतं तरी, थेंब चाललाय का न्हाई. तुझ्या काळ्या नळीत काय दिसतं?”

“दिसत न्हाई. पन चालतं.”

“आधी बघू दे.”

पेट्रोल त्या नळीतून थेंब थेंब उतरताना सुंदर दिसायचं, हे मीही कबूल करते. दाराशी येणारा प्रत्येकजण वाकून पाहायचा.

श्रावणाच्या तोंडाशी झड लागली. दोन दिवस सूर्य नाही. सोयाबीन गुडघ्याला आलं होतं, त्यात तण माजलं होतं, निंदायला बायका दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. सिस्टरांनी सकाळीच रेनकोट चढवला, खाली संजयची जुनी पँट, पायात गमबूट. नर्सची जुनी कातडी पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागे बांधली. करीम आणि मी पाणंदीच्या तोंडाशी छत्र्या घेऊन उभे होतो.

“शिस्टर, उद्या जावा. उघडीप पडंल.”

“उघडीप पडल्यावर तर कुणीबी जातं,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

गाडी हळू चालत होती, पण चालत होती. ती पसरलेली चाकं चिखलावर बदकाच्या पायांसारखी पडत होती. वळणावर त्या बाभळींमागे गेल्या. थोडा वेळ आवाज येत राहिला, मग पावसात मिसळला. करीम सुपारी चघळायला विसरला होता.

पुढे काय झालं याच्या दोन हकीकती आहेत. एक सिस्टरांची. त्यांच्या म्हणण्यानुसार ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं, गाडीला जराशी धाप लागली, त्यांनी तिला थोडी विश्रांती दिली आणि शेतात जाऊन सगळं पाहून आल्या. बस्स.

दुसरी संजयची. तो त्याच संध्याकाळी भिजलेल्या कपड्यांनी माझ्या पायऱ्यांवर येऊन बसला.

त्याला रात्रभर चैन पडलं नव्हतं. आत्या ओढ्यात उलटली तर, या भीतीने तो पहाटे दुसऱ्या बाजूने, येलदरीच्या रस्त्यावरच्या पुलावरून चालत जाऊन ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभा राहिला होता. आत्याला दिसू नये म्हणून झाडाआड. गाडी पाण्यातून वर चढली आणि काठावर येताच खोकून बंद पडली. पेट्रोलचा वास सुटला. ती पारदर्शक नळी पिवळी, कडक झाली होती आणि टोकाशी तडकली होती. पेट्रोल टपकत होतं.

“मग मी पुढं झालो, काकू. म्हटलं, आत्या, उतर. मी उचलून नेतो तुला.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणली, उचलून न्यायचं हुतं तर घरूनच नेलं असतंस.”

त्यांनी आधी नळीवरचं ते छोटं चाक फिरवून पेट्रोल बंद केलं. मग तडकलेली नळी ओढून काढली, उजेडात धरली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर चूक कळल्याचं दिसलं, असं संजय म्हणाला. स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, “सलाइनचा सेट एकदाच वापरायचा असतो. हे मी शंभर पोरींना शिकवलं.” दीड महिना तीच नळी लावून ठेवली होती त्यांनी. पिशवीत नवा, सीलबंद सेट होता. नर्सच्या पिशवीत तो असतोच. करीमचं म्हणणं खरंच होतं. ती नळी पेट्रोलला टिकत नाही. पण नवी असली की काही दिवस टिकते, आणि सिस्टरांना शेत त्या दिवसापुरतंच गाठायचं होतं.

इंजिन तापलेलं, त्यावर पेट्रोल सांडलेलं, वरून पाऊस. त्या थांबल्या. इंजिनावर हात ठेवून ते निवेपर्यंत चिखलात उभ्या राहिल्या, त्या गेलेल्या गुडघ्यांवर. संजयला वाटलं, आता बसतील, आता म्हणतील की ने मला घरी. त्याने छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली.

“माझ्यावर न्हाई,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर धर.”

मग त्यांनी पाकीट फाडलं, नळी कापली, दोन्ही टोकं बसवली, नळीवरचं चाक सोडलं, आणि पहिला थेंब उतरेपर्यंत वाकून पाहत राहिल्या. दोरी त्यांनी स्वतः ओढली. संजय पुढे झाला तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला. किती वेळा ओढली ते त्याने मोजलं नाही. गाडी सुरू झाली. त्या शेतात गेल्या, बांधाबांधाने चारही कडा फिरल्या, एका ठिकाणी पाणी तुंबलं होतं ते त्याला दाखवलं, आणि तिथेच गाडीवर बसून डब्यातली भाकरी खाल्ली. संजयला अर्धी दिली.

“आता बटईचं मी बोलनार न्हाई,” संजय म्हणाला. त्याच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. मी टॉवेल दिला.

मला राहवलं नाही. “पण ठरलं होतं की त्यांनी एकटीने पोचायचं. तू तर छत्री धरलीस.”

तो डोकं पुसता पुसता थांबला.

“छत्रीचं काय त्यात, काकू,” तो म्हणाला. “छत्री कुणीबी धरतं.”

सिस्टरांच्या हकीकतीत छत्री कधीच आली नाही. संजयनेही त्यांच्यासमोर ती कधी काढली नाही. दुसऱ्या दिवशी करीम काळी रबरी नळी घेऊन आला आणि कुणालाही न विचारता बसवून गेला. “काय दिसत न्हाई हिच्यात,” सिस्टर म्हणाल्या. “व्हय,” करीम म्हणाला, “म्हनूनच तर डोळ्याला तरास न्हाई.”

त्यानंतर बरीच वर्षं पावसाळ्यात तो ठराविक आवाज आमच्या घरामागून जायचा आणि दुपारी परत यायचा. संजय पेरणीआधी येऊन विचारायचा, आत्या, यंदा काय पेरायचं. त्या सांगायच्या, तो वाद घालायचा, शेवटी काहीतरी ठरायचं. एकदा तूर फुलली असताना त्यांनी मलाही मागे बसवून नेलं. “धरून बसा, मॅडम, आणि पुस्तकातलं काय सांगू नका,” एवढीच सूचना. सगळं शेत पिवळं झालं होतं. त्या उतरल्या नाहीत. गाडीवरूनच मला बांध दाखवत राहिल्या, हा बापानं घातला, हा मी दुरुस्त केला, हा संजयनं बिघडवला.

पुढे तुमच्या आजोबांच्या तब्येतीमुळे आम्ही परभणीला फ्लॅटमध्ये आलो. फोनवर बोलणं व्हायचं. त्या माझ्या गोळ्यांची चौकशी करायच्या, मी त्यांच्या पेशंटची. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, आपल्या घरी, झोपेत. संजयने फोन केला तेव्हा मी रडले, पण ते माझ्यासाठी, त्यांच्यासाठी वाईट वाटून नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या हिवाळ्यात, जिंतूरला एका लग्नाला गेले होते तेव्हा. सोबतच्या पाहुण्यांना धरण पाहायचं होतं म्हणून आम्ही येलदरीच्या रस्त्याला लागलो. ओढ्याच्या पुलापाशी मी गाडी थांबवायला सांगितली. तिथून ते शेत दिसतं. हरभरा नुकताच वर आला होता. त्याच्या कडेला सिस्टर त्यांच्या त्या गाडीवर एका बाजूला वळून बसल्या होत्या, पाय पायफळीवर, आणि समोर संजय उभा होता, पायाशी पाण्याचे पाइप पडलेले. तो एका बाजूला हात दाखवत होता. त्या दुसऱ्या बाजूला. वारा उलटा होता, शब्द काही ऐकू येत नव्हते. त्याने कमरेवर हात ठेवले, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा आपल्या बाजूला हात केला. त्यांचा हात खाली आलाच नाही.

हाक मारावी असं वाटलं, पण कामाच्या वेळी त्यांना हाक मारलेली आवडत नसे. पाहुणे घड्याळ पाहू लागले. मग संजयने वाकून पाइप खांद्यावर घेतले आणि सिस्टरांनी दाखवलेल्या बांधाकडे निघाला. त्यांनी गाडी सुरू केली आणि त्याच्या मागून, त्याच्याच चालीने, निघाल्या.